आधी रिकाम्यावर चालवा

आमच्या साडूंइतका संशयी सज्जन अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. नवं कुलूप आणलं की दार उघडं ठेवूनच लावून पाहणार. किल्लीनं उघडलं, तरच ते दाराला लागणार. आमच्या मुलीच्या बारशाला तर त्यांनी कहरच केला. बाळ ठेवण्याआधी रिकामाच पाळणा जोरजोरात हलवला. बाया ओरडल्या, "अवो, रिकामा पाळणा हलवत नाही, अपशकुन असते!" साडू दोरीची गाठ निरखत शांतपणे म्हणाले, "मंग काय बाळ ठेवून पाहू, तुटते का थे?" सासूबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते एका कार्यालयाच्या संगणक विभागात होते. यादीत नाव शोधायचं तर यंत्राला साचा लिहून द्यावा लागे: आधी ही अक्षरं, मधे काहीही चालेल, शेवटी अमुक. साच्यातला एखादा कंस उघडा राहिला की यंत्राला साचा कळतच नसे; पडद्यावर चूक दाखवून ते कुरकुरत असे. म्हणून साडू प्रत्येक साचा आधी रिकाम्या फाईलवर चालवत. "तिथं काहीच नाही, तं 'सापडलं नाही' असंच आलं पाहिजे. यंत्र कुरकुरलं, तं साचाच खराब. समजलं का गा?" मला ओ की ठो समजत नसे. मी हो म्हणत असे, कारण त्यांच्याकडे चहा फक्कड मिळे.

आमच्या धाकट्या मेव्हणीनं नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता. वय पाहता ती शेवटचीच संधी. निवडयादी संगणकावर होती. प्रवेशाच्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसानं पाहून सांगितलं, "नाव नाही." घरात कुणी जेवलं नाही. साडू तेवढे उसळले. "नाही म्हणजे कोणतं नाही? यादीत नाही, का त्याले शोधताच नाही आलं?"

दुसऱ्या दिवशी नंदनवनाहून सायकली दामटत आम्ही दोघं तिथं पोचलो. साडूंनी त्या माणसाला कालचाच साचा रिकाम्या फाईलवर चालवायला लावला. पडद्यावर 'नाही'. पण त्या भल्या माणसानं कटकट नको म्हणून यंत्राची कुरकुरच बंद करून ठेवली होती! काहीही बिघडलं तरी 'नाही' एवढंच उमटे. साडूंनी ती कुरकुर सुरू करायला लावली, आणि यंत्र कुरकुरलं. कंस उघडा होता. कालचा शोध झालाच नव्हता! मला तिथल्या तिथे पेढे वाटावेसे वाटले.

साडू हसले नाहीत. त्यांनी कंस बंद केला, रिकाम्या फाईलवर पुन्हा पाहिलं, मग यादीवर चालवला.

नाव नव्हतं.

परतताना मी चिडलो. "उगाच पोरीला रात्रभर आशा लावली तुम्ही!"

मेव्हणी दारातच उभी होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. "खरंच नाही वं, बाई. मी सोता पाह्यलं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी पाह्यलं ना, भाऊजी? मंग बस. कालपासून मले धड रडू बी येऊन नव्हतं राहिलं."

आणि ती पायरीवर बसून रडली. साडू तिच्या शेजारी बसले, आणि तेही रडले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी त्यांच्यावर चिडलो होतो, याचं मला अजून वाईट वाटतं.