खरी लाट, खोटी लाट

बदलापूरजवळच्या चामटोलीतल्या गयाबाईचा बुद्धभूषण कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित मांडायचा. भरली कळशी दणकन ठेवली की पाणी हिंदकळतं, तशी ताजी मोजमापं भरली की त्याच्या गणितातली हवा हिंदकळायची. त्या खोट्या लाटांतून खोटा पाऊस दिसायचा, म्हणून तो लाटा दाबून टाकायचा.

दोन हजार सातच्या दिवाळीआधी गयाबाईनं फोनवर विचारलं, "भात कापू का रं?"

गणितात गावावर पाऊस दिसत होता. त्यानं लाटा दाबल्या, पाऊस पुसला गेला. "काप, आये. कोरडं हाय."

कापलेला भात शेतात वाळत पडला आणि मलंगगडाच्या अंगानं पाऊस कोसळला. गणितात दाबलेली, वारा डोंगराला धडकून उठलेली ती लाट खरी होती.

बुद्धभूषण घरी आला तेव्हा भाताला कोंब फुटले होते. त्यानं दाबलेल्या लाटेचं आईला सांगितलं.

"आता लाटा दाबू नको," गयाबाई म्हणाली.

"नाय दाबल्या तर रोज खोटा पाऊस दिसंल."

"मंग खरी कंची, खोटी कंची, कळतं का तुला?"

"दर खेपेला नाय कळत."

"मंग तसंच सांगायचं व्हतं. कोरडं हाय कशाला बोललास?"

पुढल्या कापणीला तिनं शेजारच्या बबनला विचारलं. "कोरडं वाटतंय, पन नक्की नाय सांगता येत," तो म्हणाला. बबनही चुकला. त्याच्यावर मात्र ती रागावली नाही.