मेर्सी म्हणाले आणि उपाशी राहिले

फ्रँकफर्टहून गाडी सुटली तेव्हा बाहेर एप्रिलचं कोवळं ऊन होतं. माझी धाकटी, प्रज्ञा, तिथून जवळच एश्बॉर्नला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने लुकास नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला होता आणि आम्ही दोघी त्याच्या आईला भेटायला सारब्रुकेनला निघालो होतो. आई जन्माने फ्रेंच. लग्न करून जर्मनीत आली आणि नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. आमच्या ह्यांनी नागपूरहून फोनवर बजावलं होतं, "तू डोळ्यांनी पाहून ये. तू हो म्हणालीस तर हो, नाही तर विषय संपला." प्रज्ञानेही ते मान्य केलं होतं. म्हणजे सगळा भार माझ्या एकटीच्या डोक्यावर.

दोन्हीकडे पिवळीधमक शेतं पळत होती. मला वाटलं मोहरी. प्रज्ञा म्हणाली, "राप्स गं आई." (राप्स म्हणजे तेलबी, मोहरीचीच बहीण.) मग तिने मला एक फ्रेंच शब्द शिकवला. "काही दिलं की 'मेर्सी' म्हणायचं. म्हणजे धन्यवाद. बाकी मी आहेच." मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, एका शब्दाची काय कथा! स्टेशन येईपर्यंत घोकून पाठ केला.

स्टेशनवर लुकास उभा होता. उंच, लाजरा, कान लाल झालेले. हात जोडून म्हणाला, "जयभीम, आई." उच्चार वाकडा होता, पण मनापासून होता. मी आतून थोडी विरघळले, चेहऱ्यावर मात्र दाखवलं नाही. मुलीकडची माणसं आम्ही, एवढ्यात कशाला?

त्याच्या आईचं, ओदीलचं, जुन्या चौकाजवळ फ्रेंच सामानाचं दुकान होतं. चौकात चेरी फुलली होती आणि लोक कोट काढून उन्हात कॉफी पीत बसले होते. दुकानात ऑलिव्हच्या साबणाच्या वड्या, लिंबाच्या रंगाचे टेबलक्लॉथ, निळ्या काठाची इनॅमलची भांडी. तशी भांडी आमच्याकडे दवाखान्यात असायची, इथे ती दिमाखात कपाटात! कान नसलेले मोठे वाडगेही होते. ओदीलने दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावून दाखवला. सकाळची कॉफी त्यातून पितात म्हणे, आणि पाव त्यातच बुडवतात. बाई मला आवडायला लागली होती. दुपारी एकला तिने दुकान बंद केलं आणि आम्ही वरच्या मजल्यावर तिच्या घरी जेवायला गेलो.

पानात आधीच चार लाल मुळे, लोणी आणि मीठ मांडलेलं. मुळ्याला लोणी लावून खायचं! बाप्पा, काय चव! भूक चांगलीच खवळली. प्रज्ञा आणि लुकास स्वयंपाकघरातून भांडी आणत होते, आणि ओदील बशी घेऊन माझ्यापाशी आली. आत श्पार्गेल, म्हणजे पांढऱ्या शतावरीचे बोटभर जाड कोंब, वर लोणी-अंड्याचा पिवळा रस्सा. तिने काहीतरी विचारलं. मी गोड हसून म्हणाले, "मेर्सी!"

तिने बशी उचलली आणि पुढे गेली.

मला वाटलं, येईल परत. आपल्याकडे पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी वाढणारी बोटांच्या फटीतून वाढते. पण छे! सायीत भाजलेले बटाटे आले. "मेर्सी." गेले. बकरीच्या दुधाचं चीज आलं. "मेर्सी." तेही गेलं. मी नुसता पाव चघळत बसले. प्रज्ञाने खुणेने विचारलं, "काय झालं?" मी मान फिरवली. मनात म्हटलं, सोयरीक जुळायच्या आधीच ही तऱ्हा, तर पुढे माझ्या पोरीला ही काय खाऊ घालणार? माझं उत्तर ठरलं. नाही म्हणजे नाही.

जेवणानंतर ओदील डोकं दुखतं म्हणून आत गेली. पोरं नदीवर फिरायला गेली. मी पायांचं निमित्त सांगून घरीच थांबले. तीन वाजता पोटात कावळे ओरडू लागले. स्वयंपाकघरात गेले तर रश्श्याचं पातेलं तसंच. पावाचा तुकडा मोडला, पातेलं पुसून तोंडात घातला, आणि दारात ओदील!

मेले मी लाजेने. ती म्हणाली, "हुंगर?" महिनाभर जर्मनीत राहून भुकेला काय म्हणतात एवढं कळत होतं. मी मान डोलावली. तिने तीन बोटं वर केली. "मेर्सी, मेर्सी, मेर्सी!" म्हणाली आणि नकाराची मान हलवली. तिचे डोळे रडून सुजले होते.

तेवढ्यात पोरं परतली. सगळं ऐकून प्रज्ञाने कपाळावर हात मारला. "आई! वाढताना मेर्सी म्हणजे 'नको'! जर्मनमध्ये 'डांके'चंही तसंच. मी सांगायलाच विसरले गं!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "ओदील आत्ता लुकासला म्हणाल्या, बाईंना माझ्या घरचं अन्न चालत नाही, मग माझा मुलगा कसा चालेल?"

मी ओदीलचे हात धरले. प्रज्ञाकरवी आग्रह म्हणजे काय ते समजावलं. बाईने लगेच बटाटे गरम केले, टेबल मांडलं आणि असं वाढलं, असं वाढलं की मी "बस, बस" करत राहिले. स्ट्रॉबेरीचा टार्ट (फळांचा उघडा केक) दोनदा खाल्ला.

संध्याकाळच्या गाडीत मला माझीच शाळा आठवली. जन्मभर मुलांना सांगत आले, समजलं नाही तर हात वर करा, विचारा. आणि स्वतः? विचारण्यात कमीपणा वाटला म्हणून पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडायला निघाले होते. राग माझाच मला आला.

एश्बॉर्नला पोचल्यावर आमच्या ह्यांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली असूनही जागेच होते.

"बोल, हो की नाही?"

"हो."

"एका दिवसात पारख झाली?"

"दिवस कुठला! अहो, दुपारी तीनपर्यंत माझं 'नाही'च होतं."

प्रज्ञा माझ्याकडे पाठ करून कप विसळत होती. नळ बंद झाला. तिने मागून येऊन अशी मिठी मारली की फोन हातातून पडला, आणि नागपूरहून हे बिचारे नुसते "हॅलो, हॅलो, काय झालं?" करत राहिले.