माफी मिळाली म्हणून

जालन्याकडच्या सुमनताई साळवे लग्न होऊन पुण्याजवळच्या चिखलीत आल्या, तेव्हा गजरा माळतानाही दचकायच्या. वडील भारी कडक. गजरा पाप, सिनेमा पाप, मोठ्यानं हसलं तरी पाप. देव म्हणजे चुका टिपणारा कुणी करडा मास्तर, असंच त्यांना वाटे. चाळिशी उलटल्यावर चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या तोंडून त्यांना उमगलं, की देवाची माया कमवावी लागत नाही, ती आधीच मिळालेली असते. त्या दिवशी त्यांनी पिंपरीतून अबोलीचा गजरा घेतला आणि बसमध्ये चक्क गाणं म्हटलं. इतकं बेसूर, की शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

तेव्हापासून ताई खुलल्या. चिखलीच्या ज्या वर्कशॉपमध्ये त्या गाड्यांच्या ब्रेकच्या पिना तपासायच्या, तिथे त्यांचं हसणं ऐकून लोक कामाला लागायचे.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मात्र घोळ झाला. नाताळच्या गाण्यांचा सराव होता आणि पिनांचा एक ट्रे तपासायचा उरला होता. ताईंनी वरच्या दहा पिना मापून पाहिल्या, बाकीच्या तशाच सोडल्या आणि तपासल्याचा शिक्का मारला. ट्रे टेंपोत चढून चाकणच्या कंपनीत गेला.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी डोळे मिटून देवापाशी सगळं कबूल केलं. मन हलकं झालं. बाहेर येताना त्यांनी सोबत काम करणाऱ्या स्वरूपाला ते सांगितलं.

"मग झालं की!" स्वरूपा म्हणाली. "माफी मिळाली ना?"

"मिळाली."

"मग उद्या मालकाला कशाला सांगतेस? नोकरी जाईल."

चप्पल घालता घालता ताई थांबल्या. "अगं, माफी मिळाली म्हणून तर सांगायचा धीर आला. नाहीतर लपवलंच असतं मी. त्या पिना कुणाच्या तरी गाडीत बसणार हायेत."

सोमवारी ताईंनी सगळं सांगितलं, तसा मालक रणजीत चमकला. "तुमी, ताई? तुमच्या शिक्क्यावर मी डोळं झाकून माल सोडतो." त्यानं चाकणला फोन लावला. ट्रे अजून उघडला नव्हता. तो परत आला, ताईंनी उभ्यानं एकेक पीन मापली. तीन खराब निघाल्या.

रणजीतनं त्या तीन पिना बाजूला काढल्या. मग म्हणाला, "शिक्का ठेवा हितं. उद्यापासनं पॅकिंगला बसा."

ताईंनी शिक्का ठेवला, मोरीत जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि खोकी भरायला बसल्या. तीन-चार महिने भरत राहिल्या, गात गात.

एप्रिलात तपासणीला दोन नव्या पोरी आल्या. रणजीतनं ताईंना हाक मारली. "शिक्का घ्या परत. ह्यांना तुमी शिकवा. घाई केली की काय हुतं, ते बी सांगा."

ताईंनी आधी तेच सांगितलं, काही न लपवता. रुपाली नावाची पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, आता तपासताना भीती वाटत असंल ना?"

"भीती? छे गं," ताई हसल्या. "आता तर जीव लावून तपासते."