हिलाल दलालाचं तोंड

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात बघून सोनगीरच्या हिलाल दलालाचं भरत होतं. बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, पुढचा एकेक दात हलवायचा आणि वय सांगून मोकळं व्हायचं: दोनदाती, चारदाती, सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला. शेवटचा शब्द ‘उतरला’. तो हिलालच्या तोंडून निघाला की मालकाचा चेहरा पडायचा, कारण उतरलेला बैल शेतकरी घेत नाही. त्याला घेणारा बाजाराच्या कडेला वेगळाच उभा असतो, आणि तो कशासाठी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं.

असा हा माणूस स्वतःचं तोंड मात्र बायकोलाही दाखवीना. मी त्याचा शेजारी, सन अडतीसपर्यंत त्याच्याबरोबर सगळे बाजार केले. तरी मला हे उशिरा कळलं, याचा राग अजून जात नाही.

आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बाभळीची काडी चावली की थुंकी लाल. मग तोंडाला घाण वास सुटला आणि खालचे दात हलायला लागले. त्याची बायको सुंदरबाई तोंड उघडा म्हणून मागे लागली, तर हा म्हणाला, “बैलना बी दात हालतस. तो काय नांगर सोडी देस का?”

बैलाचे पुढचे दात मुळातच थोडे हलते असतात, हे खरं आहे. पण माणसाला तो नियम नाही. सगळं आयुष्य बैलांच्या जबड्यात गेलेल्या माणसालाच अशी चूक सुचावी. दुसरी चूक त्याहून वाईट. खालच्या दातांच्या आतल्या अंगाला पिवळा-काळा, दगडासारखा थर चढला होता. हिलालला तो शेताच्या बांधासारखा वाटायचा. तोच दातांना धरून आहे, तो निघाला तर सगळे दात जातील, अशी त्याची खात्री. म्हणून काडी तो तिकडे लावीतच नसे.

मग एक दिवस न्हाव्याच्या आरशात त्याला आपले दात लांब दिसले. हिरडी खाली गेली होती, एवढंच. पण दात लांब दिसायला लागले की जनावर उतरतीला लागलं, हे त्यानंच आम्हाला शिकवलं होतं. अजून चाळिशीही आली नव्हती. त्या दिवसापासून हिलाल हसायचा बंद झाला. बोलताना मिशीवर हात ठेवायचा. भाकरी कुस्करून, भिजवून, भिंतीकडे तोंड करून खायचा.

धुळ्याच्या बाजारात ते उघड झालं. अभिमन पाटील नावाचं गिऱ्हाईक जेवायला आमच्यात बसलं. त्याच्यासमोर भाकरी कशी भिजवायची, म्हणून हिलालनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या कडक भाकरीचा घास तसाच तोडला आणि मध्येच थांबला. दात घासाबरोबर आला होता. त्यानं तो गालात धरला आणि मान हलवत राहिला. ओठाच्या कडेनं रक्ताची बारीक धार उतरली. अभिमननं जरा पुढे वाकून हिलालच्या तोंडात पाहिलं. बैलाच्या तोंडात पाहतात तसंच.

मी त्याला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, खालचा ओठ अंगठ्यानं दाबला आणि एकेक दात हलवून पाहिला. हिलालचे डोळे पांढरे झाले. पुढचा शब्द कोणता असतो हे त्याला माहीत होतं. डॉक्टर काही म्हणायच्या आधीच त्यानं विचारलं, “साहेब, मी आते कितला वरीस चालसू?”

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी समजावलं, की हा थर दात धरत नाही, हिरडी खातो. तीन दात काढावे लागतील, थर खरवडला आणि तोंड साफ ठेवलं तर बाकीचे बरेच टिकतील. खरवडताना हिलालनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले.

घरी गेलो तर गोठ्यापाशी बाजाराच्या कडेचा तो माणूस दोर घेऊन उभा. घरचा म्हातारा बैल मोऱ्या हिलालनं मागच्याच आठवड्यात ‘उतरला’ म्हणून त्याला द्यायचा ठरवला होता, इसाराचे पैसेही घेतले होते. ते आम्ही विसरलोच होतो. त्या माणसानं मोऱ्याच्या खालच्या ओठाला अंगठा लावला आणि हिलाल मध्ये शिरला. काढलेल्या दातांच्या जागी कोंबलेल्या कापसाच्या बोळ्यामुळे नीट बोलता येत नव्हतं. कमरेचा इसार काढून त्यानं त्याच्या हातावर ठेवला. दिलेला शब्द मोडतोस, आणि तेही तू, असं तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दलालाला याहून मोठी शिवी नाही.

“ऱ्हाऊ दे त्याले,” हिलाल म्हणाला. “मी त्याना दात देखेल नही.” मागच्या आठवड्यात ते त्यानं माझ्यासमोरच पाहिले होते.

आतून सुंदरबाईनं भिजवलेल्या भाकरीची थाळी आणली. हिलाल तोंडातला बोळा काढून गव्हाणीपाशीच बसला. अर्धी भाकरी त्यानं मोऱ्यापुढे टाकली आणि उरलेली स्वतः खाल्ली, पण या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही.