न फुटणारी मोहरी

मोहरीच्या शेंगेला दोन्ही अंगांनी शिवण असते. वाळली की ती उसवते आणि कापणीआधीच दाणा मातीत जातो. ती शिवण घट्ट राहील असा वाण काढण्यात ताईंनी उभी हयात घातली. संशोधन केंद्रात सगळेच त्यांना ताई म्हणत. ज्याला त्यांनी संकर करताना फुलात चिमटा कसा घालायचा ते शिकवलं आणि जो पुढे त्यांच्याच डोक्यावर साहेब होऊन बसला, तोसुद्धा.

वाण तयार झाला. वाणाच्या पाटीवर नाव लागलं ते एकट्या साहेबाचं.

“ताई, तुमचं-माझं असं काही आहे का? घरचंच काम!” तो म्हणाला.

“छे रे बाबा,” ताई हसल्या. पोटात मात्र निखारा पडला तो पडलाच.

बियाण्याचा वाफा फुलोऱ्यात आला की ताई त्यावर बारीक जाळी ठेवत. मधमाशी आत शिरता कामा नये. कारण न फुटण्याचा गुण भारी लाजरा, आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडून जरी फुटण्याचा गुण आला, तरी शेंग तडकलीच. साहेबाला हे पाठ होतं. पण फोटोवाले आले, तशी त्याने जाळी काढायला लावली आणि पिवळ्याधमक फुलांत हात पसरून उभा राहिला. शेजारच्या साध्या मोहरीवरच्या माश्यांना आयतंच आवतण मिळालं.

“ताई, जाळी परत घालू ना?” माळ्याने विचारलं.

“साहेब बोललेत का? नाही ना? मग राहू दे. त्यांचा वाण, ते बघतील.”

त्या साली शेंगा घट्टच राहिल्या. शेंगेची साल आईची असते, परका बाप आत दाण्यात दडून बसतो. साहेबाने तेच बियाणं मोठ्या शेतात पेरायला काढलं.

“ताई, एकदा नजर टाका.”

ताईंनी दाणे तळहातावर घेतले. “टपोरे आहेत हं!” त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या कापणीला मांडव, खुर्च्या, बडे पाहुणे. “हलवून बघा, दाणा सांडायचा नाही!” म्हणत साहेबाने रोप गदगदा हलवलं. तडतडतड! दाणे थेट पाहुण्यांच्या बुटांत.

“साहेब, आज कापणी आहे की पेरणी?” मागून कुणीतरी ओरडलं आणि मांडव खदखदून हसला. शेवटच्या रांगेत ताई डोळे मिटून तो आवाज पीत बसल्या.

संध्याकाळी साहेब ताईंच्या घरी आला. चेहरा पार उतरलेला.

“जुनं शुद्ध बियाणं तुमच्याकडे असेलच, ताई. पाटी बदलतो. तुमचं एकटीचं नाव लावतो. पाया पडतो तुमच्या.”

ताईंच्या नवऱ्याची नजर कपाटाकडे गेली. त्यात त्या शुद्ध बियाण्याची बरणी होती. दिली, तर वाण जगेल, नाव लागेल, आणि याचीही अब्रू वाचेल.

“संपलं रे,” ताई म्हणाल्या. “चहा घेतोस?”

तो न घेताच गेला.

“अगं, बरणी आहे की! आयुष्य घातलंस त्यात,” नवरा म्हणाला.

“माझंच होतं ना?”

चहाचं आधण खळखळत होतं. ताईंनी बरणीचं झाकण फिरवलं आणि सगळी मोहरी त्या आधणात ओतली.