टाळ्या तेवढ्या चालू राहिल्या

गणपतीची आरती आम्ही सगळे वहिनीच्या मोबाईलमध्ये बघून म्हणत होतो. मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि शब्द दिसेनासे झाले. पुढची ओळ एकालाही आठवेना. टाळ्या तेवढ्या चालू राहिल्या.

मी आशेने आईकडे पाहिलं. लहानपणी शिकणं म्हणजे तिच्या ओठांकडे बघणं होतं. आरत्या आम्हाला अशाच पाठ झाल्या. पण तीही चष्मा सावरत मोबाईलकडेच बघत होती.

"अरे, येत होती मला," ती ओशाळून म्हणाली. "हल्ली समोर असतं ना, म्हणून..."

वहिनीने फोन कापला. शब्द परत आले, आवाज चढले. वहिनीच्या कडेवरच्या लेकीला अजून वाचता येत नाही. तीसुद्धा आमच्या कुणाच्या तोंडाकडे न बघता त्या उजेडाकडेच बघत होती.