लाल पट्टीचे बोर्ड

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. लग्नसराईत आमच्या गंगाखेडच्या मंडप-केटरिंगच्या गोदामात एक्स्टेन्शन बोर्ड अन् केबलची रिळं परत येतात, आणि प्रत्येकाबरोबर एकेक किस्सा येतोच. मी इथला वायरमन. तपासून चांगल्या बोर्डाला हिरवी पट्टी, धोक्याच्याला लाल, हे माझं काम. बाकीचे हसतात, माझं मात्र डोकं फिरतं.

*

झरीच्या एका गिऱ्हाइकानं बोर्ड परत आणला. प्लगच गायब! उघड्या वायरी नुसत्या लोंबत होत्या.

"प्लग कुठाय?"

"आमच्या भोकात बसंना, मग कापला."

"मग लावलं कसं?"

त्यानं खिशातून काडीपेटी काढून दाखवली. "काड्या खुपसून. लय घट्ट बसतंय बघा!"

*

आमचा साउंडवाला त्याहून हुशार. बोर्डांच्या जाड तिसऱ्या पिना त्यानं पकडीनं मोडून टाकल्या. कारण? स्पीकर घूं-घूं करतो! अरे, ती पीन अर्थिंगची. यंत्राच्या पत्र्यात करंट उतरला तर तो माणसाऐवजी त्या वायरीतून जावा म्हणून असते. मी ओरडलो, तर म्हणतो कसा, "वायरमन, भाषण ऐकू यायला पाहिजे का न्हाई?"

ऐकायला माणूस तरी शिल्लक पाहिजे का नको!

*

चारठाण्याच्या लग्नात मोठं रीळ दिलं होतं. चार हात केबल सोडलेली, बाकी तशीच गुंडाळलेली, आणि त्यावर पाणी तापवायचे दोन हीटर! गुंडाळलेली केबल तापून वितळते, हे मी शंभरदा सांगितलंय. जाऊन बघतो तर रिळाला जळका वास सुटलेला, आणि दोन म्हातारे त्यावर हात धरून बसलेले!

"बाबा, उठा तिथून!"

"का? लय ब्येस ऊब हाय की."

*

लोकांचा अडाणीपणा एकवेळ समजू शकतो. पण आमचे मालक? मी मीटर लावून बोर्ड नापास करायचा, अन् त्यांनी दुसऱ्या दिवशी तोच टेम्पोत चढवायचा!

"मालक, ह्याला लाल पट्टी हाय."

"बल्ब पेटतोय ना? मग पास!"

*

कौसाबाई आमच्याकडं स्वयंपाकाला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून मोठ्या ग्राइंडरवर वाटण वाटते. एकदा भांड्याला हात लावला अन् झटका बसून मागं पडली. बोर्ड लाल पट्टीचाच! मालकांनी काय करावं? एक लाकडी फळी तिच्यापुढं टाकली.

"हिच्यावर उभी ऱ्हात जा. न्हाई लागत मग."

तेव्हापासून बाई दर लग्नाला फळी काखेत मारून निघते. घरी दोन लेकरं आहेत तिला.

*

गेल्या महिन्यात मालकांच्या लेकीचं लग्न निघालं. सकाळीच स्वतः गोदामात आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सगळे हिरव्या पट्टीचेच दे. एक बी लाल नको. घरचं कार्य हाय."

मी हिरव्या पट्टीचे बोर्ड वेगळे काढू लागलो.

कौसाबाई तिथंच लसूण सोलत बसली होती. ती उठली, कोपऱ्यातली फळी आणली आणि मालकांच्या हातात दिली.

"लेकीला हिच्यावर उभी करा, मालक. न्हाई लागत मग."